टूडी की थ्रीडी: आजीची गोष्ट कशात सांगू?

ऐरोलीच्या एका मुलाने विचारलंय. वय बावीस, बी.एससी. झालंय, शाळेत असताना इंटरमिजिएट ड्रॉइंगला ए ग्रेड मिळाली होती. ॲनिमेशन शिकायचं आहे. ठाण्यातल्या एका क्लासमध्ये चौकशीला गेला, तर 'टूडी आता संपलं, सरळ थ्रीडी कर' असं सांगितलं. फी अडीच लाख, हप्ते पाडून मिळतील. वाशीतल्या दुसऱ्या क्लासने बरोबर उलटं सांगितलं. शिवाय त्याच्या मनात चार मिनिटांची एक फिल्म आहे. आजी लहानपणी वडिलांबरोबर होडीतून खाडीत जायची. एका रात्री ओहोटी लागली, होडी गाळात रुतली आणि बापलेक पहाटेची भरती येईपर्यंत तिथेच बसून राहिले, ती गोष्ट. घरात आठ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे. शेवटी प्रश्न असा: 'ताई-दादा, टूडी चांगलं की थ्रीडी? कुणीतरी नीट समजावून सांगा.'

तू ताई म्हणालास, म्हणून अरे-तुरे करते. मी एकवीस वर्षं या कामात आहे. सुरुवातीची सात वर्षं लाइट टेबलावर वाकून इन-बिट्वीन (दोन मुख्य चित्रांमधली चित्रं काढणं) आणि क्लीन-अप (कच्च्या रेषा साफ करणं) केलं, मग थ्रीडीकडे वळले. आता पाचपाखाडीत आम्ही पाच जण दोन्ही प्रकारची कामं घेतो. त्यामुळे एका बाजूची वकिली करायचं मला काही कारण नाही.

तुझ्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. पोटापाण्यासाठी काय शिकू, हा एक. आजीची गोष्ट कशात करू, हा दुसरा. दोन्हींचं उत्तर एकच असलं पाहिजे असं अजिबात नाही. क्लासवाल्यांनी तुला फक्त पहिल्याचं उत्तर दिलं, तेही त्यांच्याकडे जो कोर्स आहे त्यावरून. मी आधी दुसरा घेते, कारण फरक खरा कुठे आहे ते हातात काम असलं की लवकर कळतं.

कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची मंडळी चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या या दोन्ही कला सांभाळून आहेत. चित्रकथीत रामायण-महाभारतातले प्रसंग कागदावर रंगवलेले असतात, एकेक चित्र प्रेक्षकांसमोर धरून गोष्ट सांगत जायचं. नवा प्रसंग आला की नवं चित्र. कळसूत्रीत लाकडाची बाहुली एकदाच कोरायची, रंगवायची, कपडे घालायचे, दोऱ्या बांधायच्या. मग तीच बाहुली आज रडणार, उद्या लढणार. टूडी आणि थ्रीडीत मूळ फरक हाच आहे. टूडीत प्रत्येक हालचाल नव्याने काढायची. थ्रीडीत पात्र एकदा घडवायचं, त्याच्या आत सांगाडा बसवायचा, कुठली कळ दाबली की कोपर वाकेल आणि भुवई चढेल ते ठरवायचं, आणि मग त्याला नाचवायचं. याला आम्ही रिगिंग म्हणतो. पहिल्यांदा रिग उघडून बघशील तेव्हा पिंगुळीच्या दोऱ्याच आठवतील.

'थ्रीडी खरं दिसतं आणि टूडी चित्रासारखं दिसतं' हा फरक लोक सांगतात, पण तो वरवरचा आहे. २०१८ च्या स्पायडर-व्हर्सच्या चित्रपटात पात्रं थ्रीडीत घडवलेली होती आणि पडदा छापील कॉमिकसारखा दिसत होता. दुसऱ्या वर्षी आलेला 'क्लाउस' हाताने काढलेला होता, पण त्यातल्या प्रकाशामुळे कित्येकांना तो थ्रीडीच वाटला. दिसणं दोन्हीकडे हवं तसं करता येतं. मेहनत कुठे पडते, ती जागा मात्र बदलता येत नाही.

आता तुझ्या चार मिनिटांचा हिशेब करू. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे ५,७६० फ्रेम. टूडीत बहुतेक वेळा एक चित्र दोन फ्रेम धरतात, त्याला 'ऑन टूज' म्हणतात. तसं केलं तर २,८८० चित्रं. पात्र साधं असेल तर रफ, क्लीन-अप आणि रंग धरून माझा हात दिवसाला दोन सेकंदांच्या पुढे जात नाही. म्हणजे १२० दिवस. प्रत्यक्षात चार मिनिटं सलग कुणी हलत नसतं. तुझ्या गोष्टीत तर माणसं बसून आहेत, चंद्र आहे, गाळ आहे, त्यामुळे दिवस कमी होतील. तू नवखा आहेस म्हणून तितकेच वाढतील.

थ्रीडीत आजी, तिचे वडील, होडी आणि खाडीचा काठ आधी बांधायला लागेल. शिकत शिकत करणाऱ्याचे मॉडेल, टेक्श्चर (पृष्ठभागाचा रंग-पोत) आणि रिग यांत दोन-तीन महिने सहज जातात, आणि तेवढ्या काळात पडद्यावर दाखवायला एक सेकंदसुद्धा तयार नसतो. अनेक मुलं इथेच कंटाळून सोडून देतात. पण रिग चांगला झाला की दिवसाला चार सेकंद निघू शकतात, म्हणजे ६० दिवस. त्यानंतर रेंडर, म्हणजे संगणकाने प्रत्येक फ्रेमचं अंतिम चित्र तयार करणं. एका फ्रेमला चार मिनिटं धरली तर ५,७६० फ्रेमना २३,०४० मिनिटं. म्हणजे ३८४ तास, रात्रंदिवस मशीन चालू ठेवून १६ दिवस. बघून झाल्यावर चांदणं जरा जास्त निळं वाटलं, तर ज्या ज्या शॉटमध्ये चांदणं आहे ते सगळे पुन्हा. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये ईव्ही नावाचं रेंडर इंजिन आहे, ते हे काम मिनिटांवरून सेकंदांवर आणतं. मात्र प्रकाशाच्या काही खऱ्या गोष्टी सोडून द्याव्या लागतात. आणि एक कायमची सवय लाव. रेंडर कधीही थेट व्हिडिओ फाइलमध्ये करू नकोस, सुट्या चित्रांच्या रांगेत कर. पावसाळ्यात रात्री तीनला वीज गेली तर व्हिडिओ पूर्ण वाया जातो, चित्रं जिथवर झाली तिथवर शाबूत राहतात.

बेरीज केलीस तर चार मिनिटांना दोन्ही पद्धती जवळपास सारख्याच पडतात. चाळीस सेकंदांचं काम असतं तर मी डोळे झाकून टूडी म्हटलं असतं, बाहुली कोरण्याआधीच खेळ संपला असता. याच पात्रांचे वीस भाग करायचे असते तर थ्रीडी, कारण कोरलेली बाहुली वीस वेळा वापरता आली असती. तुझी फिल्म मध्ये येते. म्हणून लांबीवरून ठरवता येणार नाही, गोष्टीत काय काय आहे आणि काय पुन्हा पुन्हा येतं ते पाहावं लागेल.

आजीच्या लुगड्यापासून सुरुवात करते, कारण याच वस्त्राने मला दोन्ही बाजूंनी रडवलंय. टूडीत असताना एका मालिकेत पैठणी नेसलेलं पात्र होतं. पदरावर मोर, काठाला नक्षी. पात्र दोन पावलं चालली की बारा-चौदा चित्रं, आणि प्रत्येक चित्रात प्रत्येक मोर त्याच जागी, त्याच आकारात हवा. केसभर इकडेतिकडे झाला तरी पडद्यावर पदर उकळत्या दुधासारखा बुडबुडतो. आम्ही चौघी तीन आठवडे मोरच काढत होतो. शेवटी दिग्दर्शकाने मोर काढून सपाट जांभळा रंग दिला. जे सुरुवातीलाच करायला हवं होतं.

पुढे थ्रीडीत गेले तेव्हा वाटलं, चला, आता मोर एकदाच रंगवायचा. खरंच एकदाच रंगवला. कापडाला चिकटवला की पात्र कुठेही वळो, मोर जागचा हलत नाही. पण नऊवारीचा कासोटा! पायांमधून मागे ओढून खोचलेलं कापड, त्याच्या निऱ्या, बसताना गुडघ्यावर पडणाऱ्या चुण्या, हे सगळं संगणकाला कापड म्हणून समजावून सांगायला लागतं. एका सरकारी योजनेच्या फिल्मसाठी आम्ही नऊवारीतली शेतकरीण केली होती. ती भात लावायला वाकली की मांडी लुगड्यातून आरपार बाहेर. उठली की कापड हवेत फडफडतंय, वारा नसताना. प्रत्येक शॉट हाताने दुरुस्त करता करता ठरलेली तारीख गेली आणि शेवटचे पैसेही गेले. अंदाज माझाच चुकला होता. कासोटा टूडीत दोन रेषांत होतो आणि पाहणाऱ्याला लगेच पटतो.

म्हणजे एकाच लुगड्याचा काठ थ्रीडीत सोपा आणि कासोटा टूडीत सोपा. असा विचार प्रत्येक वस्तूचा करायचा.

तुझी होडी घे. पाण्यावर होडी हळूहळू वळते, आधी बाजूने दिसते, मग नाळ, म्हणजे पुढचं टोक, आपल्याकडे येते. हे हाताने काढणं फार अवघड. होडीचा बाक, आतल्या फळ्या, काठाची जाडी, सगळं दर चित्रात थोडं थोडं बदलतं आणि जरा चुकलं की होडी रबरी वाटते. थ्रीडीत होडी ही एक वस्तू आहे, फिरवली की फिरली. उलट वडील पाग, म्हणजे फेकायचं जाळं, फेकतात तो क्षण घे. जाळं हवेत गोल उघडतं आणि पाण्यावर पडतं. थ्रीडीत शेकडो गाठींचं जाळं, प्रत्येक दोरा दुसऱ्यावर आपटणार, तुझा लॅपटॉप तिथेच मान टाकेल. टूडीत सात-आठ चित्रं. पहिल्यात मूठ, चौथ्यात अर्धं उघडलेलं, सहाव्यात पूर्ण वर्तुळ आणि त्यात पाच-सहा आडव्यातिडव्या रेषा. उरलेलं जाळं पाहणारा मनात विणतो. फिल्म्स डिव्हिजनची १९७४ ची 'एक अनेक और एकता' तुझ्या आईवडिलांनी दूरदर्शनवर नक्की पाहिली असेल. त्यातले पक्षी अख्खं जाळं घेऊन उडतात. किती कमी रेषांत ते जाळं आहे, ते एकदा थांबवून थांबवून बघ.

पाण्याचंही तसंच आहे. मात्र ओहोटी लागलेल्या खाडीत पाणी फार नसतंच, गाळ असतो. ओल्या गाळावर चांदणं पसरतं, निवट्या, म्हणजे गाळात राहणारे छोटे मासे, उड्या मारतात, चिंबोरी बिळात सरकते. निवटी टूडीत आनंदाने काढता येईल. चकाकणारा गाळ थ्रीडीत सुंदर होईल, आणि एक स्थिर रंगवलेली पार्श्वभूमी म्हणून टूडीतही होईल. गाळ हलत नाही, त्यामुळे तो एकदाच रंगवायचा आहे.

आता हालचालीबद्दल सांगते, कारण दोन्ही माध्यमांचा स्वभाव इथे सगळ्यात वेगळा आहे आणि क्लासमध्ये हे फारसं बोललं जात नाही. टूडीत तू काढलं नाहीस तर काहीच हलत नाही. थ्रीडीत तू दोन पोझ दिल्यास की मधलं सगळं संगणक भरून टाकतो, आणि बहुतेक वेळा चुकीचं भरतो. त्याला वजन माहीत नाही, दमणं माहीत नाही. तो एका पोझपासून दुसरीपर्यंत सरळ घरंगळत जातो. नवशिक्यांच्या थ्रीडीत माणसं पाण्याखाली चालल्यासारखी वाटतात, ती यामुळे. मग ग्राफ एडिटरमध्ये बसून प्रत्येक सांध्याची वक्ररेषा हाताने घडवावी लागते. कुठे झटका, कुठे रेंगाळणं, कुठे क्षणभर थांबून मग खाली येणं. हे कळायला टूडीत हात घासलेला असला तर फार फायदा होतो, कारण तिथे वेळ आणि अंतर तू स्वतः मोजलेलं असतं. १९५६ मध्ये डिस्नेमधून क्लेअर वीक्स मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून युनिटमध्ये शिकवायला आले, त्यांच्या हाताखाली राम मोहन तयार झाले आणि पुढे आपल्याकडच्या कितीतरी पिढ्या. तेव्हा कागदावर शिकवलेलं वजन, टाइमिंग आणि अँटिसिपेशन (हालचालीआधीची तयारी) आजच्या सॉफ्टवेअरमध्ये जसंच्या तसं लागतं.

याच्या उलट बाजूही आहे. टूडीत पात्र स्थिर ठेवलं, एकच चित्र दोन सेकंद धरलं, तर चालतं. चित्र आहे हे पाहणाऱ्याने मान्य केलेलं असतं. थ्रीडीत पात्र पूर्ण थांबलं की त्याच क्षणी मेल्यासारखं वाटतं. म्हणून तिथे बसलेल्या माणसाचाही श्वास, पापणी, खांद्याचं किंचित सरकणं सतत चालू ठेवायला लागतं. तुझ्या गोष्टीत बापलेक तासन् तास नुसते बसलेत. हे बसणं टूडीत शांत वाटेल आणि कमी चित्रांत होईल. थ्रीडीत नुसत्या बसण्यासाठी रोज काम करावं लागेल. तुझ्या फिल्मसाठी मला ही गोष्ट लुगड्याहूनही मोठी वाटते.

आणखी एक गोष्ट मला फार प्रिय आहे, म्हणून थोडी आडवाट घेते. आपल्या ठाणे-पालघर पट्ट्यातल्या वारली चित्रात तारपा नाच बघ. नाचणाऱ्यांची साखळी वरून पाहिल्यासारखी गोल वळत जाते, पण साखळीतला प्रत्येक माणूस बाजूने पाहिल्यासारखा काढलेला असतो. एकाच चित्रात दोन ठिकाणचे डोळे आहेत आणि आपल्याला ते जराही खटकत नाही. थ्रीडीत कॅमेरा एका वेळी एकाच जागी उभा असतो. तिथे असं करायला जगच मोडूनतोडून उभं करावं लागतं, तेही प्रत्येक शॉटसाठी नव्याने. आठवण ही अशीच असते. आजी सांगताना होडी लहान असेल आणि वडिलांचे हात होडीएवढे मोठे असतील. भरतीचं पाणी आलं तेव्हा ते 'धावत आलं' असं ती म्हणत असेल, तर टूडीत ते खरोखर धावत येऊ शकतं, पाय फुटून. थ्रीडीत त्या एका वाक्यासाठी नवा रिग बांधावा लागेल.

मग थ्रीडी कशासाठी घ्यायचं? कॅमेरा माणसांच्या मधून फिरवायचा असेल, हजार वस्तू एकसारख्या हव्या असतील, तीच पात्रं वर्षभर वापरायची असतील, किंवा समोरचा माणूस सारखा 'जरा डावीकडून दाखवा, जरा वरून दाखवा' म्हणणार असेल, तेव्हा थ्रीडी. टूडीत कॅमेऱ्याची बाजू बदलली की शॉट पहिल्यापासून. थ्रीडीत कॅमेरा उचलून पलीकडे ठेवायचा. मात्र रिग झाल्यावर कुणी पात्राचा चेहरामोहराच बदलायला सांगितला तर थ्रीडीतही बरंच काही मागे जाऊन सोडवावं लागतं. म्हणून मॉडेलवर लेखी होकार मिळाल्याशिवाय आम्ही पुढे सरकत नाही.

यांच्या मधली एक वाट आहे आणि तुझ्यासाठी तीच मला योग्य वाटते. कटआउट टूडी. पात्राचे हात, पाय, डोकं, डोळे वेगवेगळे काढायचे, खिळ्यांनी जोडल्यासारखे सांधे द्यायचे आणि हलवायचे. टीव्हीवरच्या पुष्कळशा टूडी मालिका अशाच होतात. बसलेले बापलेक, वल्हं मारणं, बोलणं हे कटआउटमध्ये कर. पाग फेकणं, निवट्या आणि धावत येणारी भरती हाताने काढ. होडी वळते तो एकच शॉट असेल तर ब्लेंडरमध्ये ओबडधोबड होडी बांध, हवी तशी फिरव आणि तिच्यावरून रेषा काढून घे. ही लबाडी नाही, स्टुडिओत रोज चालतं. ब्लेंडर फुकट आहे आणि त्यातल्या ग्रीस पेन्सिलने थ्रीडी जागेत टूडी रेषाच काढता येतात. क्रिता आणि ओपनटून्झ ही टूडीची सॉफ्टवेअरसुद्धा फुकट आहेत. ओपनटून्झ ज्या टून्झपासून आलं ते जपानच्या घिबली स्टुडिओत वापरलं जायचं आणि २०१६ पासून ते सगळ्यांसाठी खुलं आहे. तुझ्या लॅपटॉपवर हे सगळं चालेल. आधी एक साधा, स्क्रीन नसलेला पेन टॅब्लेट घे. माउसने काढू नकोस, मनगट दुखावेल आणि रेषेत जीव येणार नाही.

एवढं सांगूनही हे परिस्थितीवर आहेच. तुला जर गोष्ट आजीच्या डोळ्यांतून, होडीत बसून इकडेतिकडे बघत दाखवायची असेल, पाहणाऱ्यालाच होडीत बसवायचं असेल, तर माझं उत्तर बदलेल आणि मी थ्रीडी सांगेन.

आता 'टूडी संपलं' याबद्दल. हे वाक्य कुठून आलं ते समजून घे. १९९५ मध्ये 'टॉय स्टोरी' आला, संपूर्ण लांबीचा पहिला पूर्णपणे संगणकावर घडवलेला चित्रपट. त्यानंतर दहा वर्षांत अमेरिकेतल्या मोठ्या स्टुडिओंनी हाताने काढणारे विभाग एकामागून एक गुंडाळले. डिस्नेनेही २००४ नंतर हातचित्रांचे चित्रपट थांबवले, मग २००९ मध्ये पुन्हा एक आणला. बाहेरची कामं करणाऱ्या आपल्याकडच्या स्टुडिओंना याची झळ बसली, माझंही पहिलं काम तसंच सुटलं. त्या काळात जे शिकवायला लागले त्यांच्या तोंडात हे वाक्य बसलंय. पण जपानने हाताने काढणं सोडलं नाही. २०२४ चं ॲनिमेशन चित्रपटाचं ऑस्कर हाताने काढलेल्या 'द बॉय अँड द हेरॉन'ला मिळालं. दुसऱ्याच वर्षी ते लाटव्हियाच्या 'फ्लो'ला मिळालं, जो थ्रीडी आहे आणि फुकट मिळणाऱ्या ब्लेंडरमध्ये, त्याच ईव्हीने रेंडर केलेला आहे. लागोपाठच्या या दोन वर्षांकडे पाहिलंस तरी पुरे.

तरीही पोटापाण्याचा प्रश्न ऑस्करने सुटत नाही, हे मी मान्य करते. मुंबई-ठाण्यात नोकरी शोधताना थ्रीडी येत असेल तर दारं जास्त आहेत. व्हीएफएक्स, म्हणजे चित्रपटांतले संगणकी दृश्यपरिणाम आहेत, गेम आहेत, जाहिराती आहेत, औषध कंपन्यांच्या फिल्म आहेत. घोडबंदर रोडवर टॉवर उभा राहण्याआधी विकला जातो तो वॉकथ्रूवर, म्हणजे घरातून फिरवून आणणाऱ्या फिल्मवर, आणि तेही कुणीतरी थ्रीडीतच बसून केलेलं असतं. टूडीत मालिका, मुलांचे यूट्यूब चॅनल, माहितीच्या छोट्या फिल्म, स्टोरीबोर्ड (शॉटवार चित्रांतली पटकथा) आणि कॅरेक्टर डिझाइन आहे. यातल्या शेवटच्या दोन जागा थ्रीडी स्टुडिओतही लागतात आणि तिथे चित्र काढता येणारी माणसं आम्हाला पुरेशी मिळत नाहीत. शिवाय थ्रीडी हे एक काम नाही. मॉडेलिंग, टेक्श्चर, रिगिंग, लाइटिंग, ॲनिमेशन असे वेगवेगळे हात असतात. बी.एससी.ला तुला गणित किंवा प्रोग्रामिंग आवडलं असेल तर रिगिंगचा विचार जरूर कर. त्यात चांगली माणसं कमी आहेत आणि चित्र फार सफाईने काढता आलं नाही तरी चालतं.

म्हणून अडीच लाख आत्ता भरू नकोस. दोन महिने घरी बसून एवढं कर. क्रितात चेंडू उसळताना काढ, एक रबरी आणि एक क्रिकेटचा. रंग आणि आकार सारखा ठेव, फक्त हालचालीवरून कुठला कोणता ते बहिणीला ओळखता आलं पाहिजे. मग हेच ब्लेंडरमध्ये कर. त्यानंतर पिठाचं पोतं उडी मारतं असं दोन्हीकडे कर. यात तुला स्वतःबद्दल एक गोष्ट कळेल. काहींना तेच चित्र चाळीस वेळा काढताना तंद्री लागते. काहींना ते शिक्षा वाटतं, पण एखादी वस्तू जुळवून बसवण्यात, का मोडली ते शोधण्यात त्यांची रात्र कशी गेली ते कळत नाही. पहिल्यांनी टूडीतून आत यावं, दुसऱ्यांनी थ्रीडीतून. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी हेच करायला सांगते, आणि कोर्सच्या नावापेक्षा यावरूनच मला जास्त कळतं.

आणि घरात बसून राहू नकोस. ऐरोलीला तुमच्याकडे सागरी जैवविविधता केंद्र आहे, मोसमात तिथून बोटीने रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, पाहायला जाता येतं. वही घेऊन जा. रोहित उडण्याआधी पाण्यावर धावत जातो, ती पावलं मोज. त्याचा गुडघा उलटा वाकतो असं वाटतं, तो गुडघा नाहीच, घोटा आहे. खरा गुडघा वर पिसांत लपलेला असतो. हे माहीत नसलेल्या माणसाने काढलेला रोहित दोन्ही माध्यमांत सारखाच चुकतो.

क्लास लावायचाच असेल तर गेल्या बॅचच्या मुलांचं काम बघायला माग. संस्थेची जाहिरात नव्हे, मुलांची शोरील, म्हणजे त्यांच्या निवडक कामाची फिल्म. शिकवणारा स्वतः काय करतो ते विचार, वर्गात चित्र काढून घेतात का ते विचार. 'सगळी सॉफ्टवेअर शिकवतो' म्हणाले तर उठून ये. वर्ष-दीड वर्षात सगळी सॉफ्टवेअर म्हणजे एकही नाही. पदवी आहेच, तर सीड (CEED) या डिझाइनच्या प्रवेश परीक्षेची माहिती काढ. त्यातून पवईला आयआयटीच्या आयडीसी या डिझाइन विभागात ॲनिमेशनचं पदव्युत्तर शिक्षण घेता येतं. कठीण आहे, पण तुझ्या इंटरमिजिएटच्या हाताला तयारी करण्याजोगं आहे.

थोडक्यात: फिल्म कटआउट आणि हाताने काढलेल्या टूडीत कर, होडीपुरती थ्रीडीची मदत घे. करिअरचं दोन महिन्यांच्या चेंडू-पोत्यानंतर ठरव.

एक काम मात्र या आठवड्यात कर. आजीचा आवाज रेकॉर्ड कर. ॲनिमेशनमध्ये आवाज आधी आणि चित्र नंतर, कारण कुठे श्वास घेतला, कुठे थांबली, त्यावरच सगळ्या फ्रेम मोजायच्या असतात. फोनवर चालेल. पंखा आणि फ्रिज तेवढा वेळ बंद ठेव, खिडकी लाव आणि तिला तिच्या आगरी बोलीतच सांगू दे, मध्ये टोकू नकोस. गोष्ट दोनदा सांगितली तर दोन्ही वेळा रेकॉर्ड कर. दुसऱ्या वेळी ती हमखास काहीतरी वेगळं सांगेल.